प्रमाणासाठी एक माणूस

ड्रेस्डेनच्या जुन्या राजवाड्यात कागदावरच्या कलाकृतींचं एक संग्रहालय आहे. 'कुपफरश्टिश-काबिनेट' हे त्याचं नाव. २०२४ च्या ऑक्टोबरात मी तिथं गेले तेव्हा कास्पार डाविड फ्रीडरिशच्या जन्माला अडीचशे वर्षं झाल्यानिमित्त त्याच्या रेखाचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. जुन्या कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून दालनात संध्याकाळ झाल्यासारखा अंधूक प्रकाश होता. लोक काचेला नाक लावून बघत होते आणि रखवालदार त्यांना हळूच मागं सरकवत होता.

मी कामानिमित्त जर्मनीत आले होते. शनिवार मोकळा होता. फ्रीडरिश म्हणजे जर्मन रोमँटिक चित्रकलेतलं सगळ्यात मोठं नाव, तेव्हा बघून यावं, इतकाच विचार होता. कडे, वादळं, धुकं, उन्मळून पडलेले वृक्ष असं काहीतरी अंगावर येईल अशी अपेक्षा होती.

काचेखाली होते वहीच्या पानाएवढे कागद. एकावर एकच देवदाराचं झाड. दुसऱ्यावर एक धोंडा. तिसऱ्यावर किनाऱ्याला ओढून ठेवलेली होडी. पेन्सिलीची रेघ इतकी बारीक, की कागदावर केस पडलाय असं वाटावं. कोपऱ्यात तारीख. कुठं कुठं क्षितिजाची पातळी दाखवणारी खूण, कुठं बारीक आकडे. ढग जवळजवळ नाहीतच. मोजणीदारानं जमिनीची नोंद करावी तशी ती चित्रं होती.

माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा आईला काहीतरी कुरकुरत सांगत होता. मला जर्मन फारसं येत नाही, पण 'हे तर काहीच नाही' असं तो म्हणत असणार, याची मला खात्री होती. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मग मी त्या धोंड्याच्या चित्राकडे परत गेले आणि तिथं बराच वेळ उभी राहिले. कारण अगदी असं, तारीख आणि वेळ घातलेलं, पेन्सिलीतलं डोंगराचं एक चित्र माझ्याकडेही आहे. एकवीस वर्षं मी ते कुणाला दाखवलेलं नव्हतं.

*

फ्रीडरिशचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं असतं, त्याचं नाव माहीत नसलं तरी. गडद हिरवा कोट घातलेला एक माणूस खडकावर पाठमोरा उभा आहे, हातात काठी, आणि समोर धुक्याचा समुद्र. साधारण १८१८ सालचं हे तैलचित्र हॅम्बुर्गला आहे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ते इतक्या वेळा छापलं गेलंय, की आता ते चित्र न राहता एक पोझ झालंय. आपल्याकडे पावसाळ्यात कुठल्याही गडाच्या कड्यावर जा, कुणीतरी कॅमेऱ्याकडे पाठ करून, धुक्याकडे तोंड करून उभं असतंच. मागून मित्र ओरडत असतो, "अजून जरा पुढं सरक."

अवीदादालाही मी तसंच पुढं सरकवलं होतं. फक्त माझ्या हातात कॅमेरा नव्हता.

अवीदादा माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. ट्रेकचं वेड मला त्याच्यामुळं लागलं. चित्रांचं माझं आधीपासूनचं. शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, सॅकमध्ये कायम एक स्केचबुक. २००३ च्या जुलैत आम्ही पाचजण वेल्ह्याच्या बाजूला एका डोंगरावर गेलो होतो. उतरताना पाऊस उघडला, दरीतलं धुकं एका बाजूनं फाटलं आणि समोरचा काळा कडा अचानक पुढं आला. मी म्हणाले, "दहा मिनिटं थांबूया. एवढं काढते."

चित्रकलेच्या सरांनी आम्हाला सांगून ठेवलेलं होतं, की डोंगर काढलात तर त्यात प्रमाणासाठी एक माणूस टाका, नाहीतर डोंगर केवढा ते बघणाऱ्याला कळणार कसं? म्हणून मी दादाला कड्याच्या बाजूला उभं केलं. त्यानं काठी खांद्यांवर आडवी घातली, तिच्यावरून दोन्ही हात लोंबते सोडले आणि उभा राहिला. मध्येच म्हणाला, "दहा मिनिटं झाली गं." मी म्हणाले, "आणखी थोडं."

चाळीस मिनिटं गेली. हे मला नेमकं माहीत आहे, कारण चित्राच्या कोपऱ्यात मी सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहिली आहे.

खाली ओढा होता. सकाळी आम्ही तो घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला होता. सह्याद्रीतले ओढे कसे चढतात ते डोंगरात फिरणाऱ्यांना सांगायला नको. काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, उभा उतार. वर पठारावर सर आली की पाणी मुरायला जागाच नसते, सगळं एकदम खाली येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत आलेलं होतं. आम्ही साखळी करून उतरलो. चौघं पलीकडे पोचलो. दादा शेवटी होता.

याहून जास्त मी इथं लिहिणार नाही.

त्या चाळीस मिनिटांबद्दल मला कुणी कधी काही बोललं नाही. पोलिसांनी विचारलं नाही, मित्रांनी विषय काढला नाही, मामा-मामींना ते माहीत होतं की नाही हेच मला माहीत नव्हतं. मी चित्र काढणं बंद केलं. डोंगरात जाणंही. लोक धुक्यातल्या कड्यांचे फोटो टाकून 'स्वर्ग' लिहितात तेव्हा मी ते बोटानं वर सरकवते.

*

फ्रीडरिश १७७४ साली ग्राइफ्सवाल्ड या बाल्टिक समुद्राजवळच्या गावात जन्मला. सात वर्षांचा व्हायच्या आधीच त्याची आई गेली. १७८७ च्या डिसेंबरात, तो तेरा वर्षांचा असताना, बर्फावर एक अपघात झाला आणि त्याचा धाकटा भाऊ योहान क्रिस्टोफर बुडून मेला. कास्पारला वाचवायला गेला असताना तो बुडाला, असं सांगितलं जातं.

मी हे प्रदर्शनातल्या भिंतीवरच्या माहितीत वाचलं नाही. आधी कुठंतरी वाचलेलं होतं आणि सोयिस्करपणे विसरलेलं होतं. त्या धोंड्यासमोर उभं असताना ते आठवलं.

त्याच्या काळातले विचारवंत रौद्र निसर्गाबद्दल पुष्कळ लिहीत होते. एडमंड बर्कनं १७५७ साली उदात्ताचं मूळ भीतीत शोधलं. प्रचंड, अंधारं, अमर्याद असं जे काही, ते माणसाला दडपतं आणि त्या दडपण्यातच एक आनंद असतो, मात्र धोका प्रत्यक्ष अंगावर आलेला नसावा. १७९० साली कान्टनं ते आणखी नेमकं केलं. लोंबते कडे, वीज, वादळी समुद्र हे सगळं जितकं भयंकर तितकं आकर्षक, पण बघणारा सुरक्षित जागी हवा. तिथून त्याला आपल्या शरीराच्या दुबळेपणाची जाणीव होते आणि त्याच वेळी आपल्या आत निसर्गालाही न जुमानणारं काहीतरी आहे हेही उमगतं.

सुरक्षित जागा. साऱ्या सिद्धांताचा भार या एका अटीवर आहे. रोमँटिक चित्रकारांना ती अट जाचत असावी. इंग्लंडच्या टर्नरनं १८४२ साली बर्फाच्या वादळात सापडलेल्या आगबोटीचं चित्र दाखवलं, तेव्हा वादळ बघण्यासाठी आपण स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं अशी गोष्ट पसरली. ती खरी असेल असं अभ्यासकांना वाटत नाही, पण ती सांगाविशी वाटली यात सगळं आलं. वादळाच्या आत असल्याशिवाय त्याबद्दल बोलायचा हक्क नाही, असा तो दावा होता.

फ्रीडरिशला असा दावा करायची गरज नव्हती. तेराव्या वर्षीच तो सुरक्षित जागेवरून खाली पडला होता. पुढं आयुष्यभर तो त्याच निसर्गाकडे वही घेऊन जात राहिला, र्‍यूगेन बेटाच्या खडूच्या कड्यांवर, एल्बच्या काठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांमध्ये. आणि तिथं जाऊन त्यानं काय केलं? तर एक झाड नीट काढलं. एक धोंडा नीट काढला. तारीख घातली.

*

त्याची पद्धत अशी होती. बाहेर, उघड्यावर, फक्त नोंद. भावनेला तिथं फारशी जागा नाही. मग ड्रेस्डेनच्या घरी, जवळजवळ रिकाम्या खोलीत, कधी कधी पुष्कळ वर्षांनी, त्या नोंदींतून चित्र उभं करायचं. एका वहीतला ओक, दुसऱ्या वहीतला दगड, तिसऱ्यातली टेकडी. तेच झाड दोन-तीन वेगवेगळ्या चित्रांत सापडतं. धुक्यावरचा तो प्रवासी ज्या खडकावर उभा आहे, तो त्यानं पाच वर्षं आधी, १८१३ च्या जूनमध्ये, पेन्सिलीनं काढून ठेवलेला होता. मागचे डोंगर दुसरीकडचे.

तैलरंगांकडे वळण्याआधी त्याचं नाव झालं ते सेपियाच्या चित्रांमुळं. सेपिया म्हणजे माकुळाच्या जातीतल्या एका समुद्री जिवाची तपकिरी शाई. ती भरपूर पाण्यात पातळ करायची आणि थरावर थर द्यायचे, फिक्याकडून गडदाकडे. यात पांढरा रंग वापरायचा नसतो. जिथं उजेड हवा तिथला कागद कोराच सोडायचा. चंद्र म्हणजे न रंगवलेली जागा. धुकंही तसंच. म्हणजे काय झाकायचं नाही, हे चित्रकाराला पहिल्या थराआधीच ठरवावं लागतं. १८०५ साली वायमारच्या चित्रस्पर्धेला विषय होता हर्क्युलिसच्या आयुष्याचा. यानं पाठवली सेपियातली दोन निसर्गचित्रं, ज्यांत हर्क्युलिस कुठंच नव्हता. स्पर्धेमागे गटे होता. त्यानं आणि त्याच्या मंडळींनी विषय बाजूला ठेवून याला अर्धं बक्षीस दिलं.

त्याच गटेनं १८१६ साली त्याला ढगांचा शास्त्रीय अभ्यास काढून द्यायला सांगितलं. इंग्लंडच्या ल्यूक हॉवर्डनं ढगांचं वर्गीकरण केलं होतं, आज आपण 'क्युम्युलस', 'स्ट्रॅटस' म्हणतो ते, आणि त्याला अनुसरून चित्रं हवी होती. फ्रीडरिशनं नकार दिला. मला हे कोडं वाटायचं. धोंड्याची इतकी काटेकोर नोंद करणाऱ्याला ढगाची नोंद का नको? आता वाटतं, नोंद करणं आणि रकान्यात बसवणं या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. एका जागचा, एका दिवसाचा, एक धोंडा. त्या धोंड्याच्या जातीशी त्याला कर्तव्य नव्हतं.

आणि वगळणं. बर्लिनला त्याचं 'समुद्राकाठचा साधू' नावाचं १८०८ ते १८१० या काळातलं चित्र आहे. जवळपास पावणेदोन मीटर रुंद कॅनव्हास, त्यात वाळूची पट्टी, काळा समुद्र आणि वर नुसतं आकाश. खाली एक एवढासा माणूस, चित्रातली एकमेव उभी गोष्ट. इन्फ्रारेड तपासणीत दिसलं, की आधी तिथं जहाजं रेखलेली होती. ती त्यानं मागाहून घालवली. सगळं काढून टाकलं आणि माणूस तेवढा ठेवला.

माझे सर म्हणाले असते, प्रमाणासाठी.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी लोकल धरून एल्बच्या काठाकाठानं श्योनापर्यंत गेले. वाटेत क्रिपेन लागलं. १८१३ मध्ये फ्रेंच फौजांनी व्यापलेलं ड्रेस्डेन सोडून फ्रीडरिश या खेड्यात येऊन राहिला होता. श्योनाच्या वर कायझरक्रोनं नावाची टेकडी आहे. प्रवाशाच्या पायाखालचा खडक तिथला.

टेकडीच म्हणायची. उंची साडेतीनशे मीटर. पुण्यातल्या माणसाला सांगायचं तर समुद्रसपाटीपासून मोजली तर पुणं तिच्यापेक्षा उंचावर आहे. खाली सफरचंदांची झाडं, कुंपणं, एक कुत्रा. वर वालुकाश्माचे तीन तुटके दात. जगाच्या टोकावर उभं असल्याचा तो भास, तो अथांगपणा, तिथं कुठंच नव्हता. समोर शेतं होती आणि शेतांपलीकडे त्सिर्केलश्टाइनचा टोपीसारखा सुळका.

मला आधी हसू आलं आणि मग कसंतरीच झालं. म्हणजे ते रौद्र रूप इथं नव्हतंच. त्यानं ते इथून नेलंही नव्हतं. इथून त्यानं नेला फक्त हा दगड, त्याच्या प्रत्येक भेगेसकट, इतका खरा, की दोनशे वर्षांनी मला तो ओळखू आला. बाकीचं त्यानं घरी केलं. पाच वर्षं थांबून, दगडामागचं सगळं पुसून, तिथं धुकं घालून.

आपण उलट समजतो. वाटतं, की निसर्ग रौद्र असतो, चित्रकार भारावतो आणि ते भारावणं कागदावर सांडतं. माझं ते चाळीस मिनिटांचं चित्र मी भारावूनच काढायला घेतलं होतं. पण भारावलेला माणूस वर पठारावर कुठला ढग उतरलाय हे बघत नाही. मी धुकं बघत होते. ते किती सुंदर फाटलंय हे बघत होते.

फ्रीडरिशचा शांत, कोरडा हात मला त्या टेकडीवर पहिल्यांदा कळल्यासारखा वाटला. जे आपला जीव घेऊ शकतं त्याच्यासमोर वही उघडायची तर अशीच उघडायला हवी, सावधपणे, आदरानं, मोजून मापून. त्याच्या चित्रांतली भीती मला खरी वाटते ती याच हातामुळं. ती आरडाओरडा करत नाही. बारकाईनं काढलेल्या त्या धोंड्याला तुमचं काहीही पडलेलं नाही, हे हळूहळू कळतं आणि पोटात खड्डा पडतो.

मी माझंच दुःख त्याच्या वहीत वाचतेय का, ही शंका मला आहे. भाऊ बुडाला म्हणून त्यानं बर्फ काढला, असं सरळ सूत्र मांडणाऱ्यांवर अभ्यासक वैतागतात आणि ते बरोबर आहे. त्याचं 'बर्फाचा समुद्र' हे १८२३–२४ मधलं चित्र, ज्यात बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून थडग्यासारख्या उभ्या आहेत आणि एका बाजूला जहाजाचा चुराडा जेमतेम दिसतो, त्याला त्या काळातल्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांच्या बातम्यांचा संदर्भ आहे. युद्ध, धर्म, देशाचं राजकारण यांचेही त्याच्या चित्रांत संदर्भ आहेत. पण त्या चित्राआधी, १८२०–२१ च्या हिवाळ्यात, त्यानं एल्ब नदीवरच्या फुटलेल्या बर्फाचे अभ्यास केले, लादी लादी वेगळी करून. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. काठावर उभं राहून बर्फाची जाडी, कड, आतला हिरवट-पिवळा रंग बघणाऱ्या त्या माणसाला काहीच आठवलं नसेल, असं मानायला मला जमत नाही. एवढंच म्हणते, की जे आठवलं ते त्यानं चित्रात लिहिलं नाही. लादी नीट काढली.

ते मोठं चित्र त्याच्या हयातीत विकलंच गेलं नाही. १८३५ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. तैलरंग झेपेनासे झाले तेव्हा तो पुन्हा सेपियाकडे वळला, कागदाकडे. १८४० मध्ये तो गेला.

*

डिसेंबरात मी पुण्याला आले तेव्हा मामीकडे गेले. मामा जाऊन चार वर्षं झाली. मामी आता खुर्चीत बसूनच असते, पण कान आणि डोळे तल्लख आहेत. चहा झाला. मी सांगायचं ठरवून गेले होते, तरी पिशवीतून स्केचबुक काढायला अर्धा तास लागला.

"मामी, त्या दिवशी उशीर माझ्यामुळं झाला. मी हे काढत बसले होते."

मामीनं चष्मा पुसला. म्हणाली, "मला माहितीय. तुझ्या मित्रानं तेव्हाच सांगितलं होतं." आणि थोड्या वेळानं, "चित्र कसं होतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. आण इकडे."

एकवीस वर्षं मी ज्याला घाबरत होते ते चित्र तसं साधारणच आहे. कडा बरा जमलाय. धुकं जमलेलं नाही, मी ते बोटानं घासून घासून मळवलंय. कोपऱ्यात तारीख आणि दोन वेळा. उजव्या बाजूला, नखाएवढी, प्रमाणासाठी टाकलेली आकृती. एक उभी रेघ, एक आडवी रेघ, वर ठिपका. अधिकच्या चिन्हासारखी. त्यात दादाचं काही नाही, असं मी धरून चालले होते.

मामीनं कडा बघितला नाही. धुकंही नाही. तिचं बोट सरळ त्या रेघांवर जाऊन थांबलं.

"काठी अशी खांद्यावर घ्यायचा. हे शेतात असेच उभे राहायचे, त्यांचं बघून शिकला." मग तिनं बोट न उचलता विचारलं, "तुझ्याकडे पाठ का आहे त्याची?"

"तो समोर बघत होता."

"काय होतं समोर?"

मी तिला सांगितलं. कड्याचा काळा रंग, खालच्या भाताच्या खाचरांचे चौकोन, धुकं कुठून कुठं सरकत होतं, कातळावरून किती ठिकाणी पाणी पडत होतं. जेवढं आठवत होतं तेवढं, क्रमानं. मामी मध्ये मध्ये विचारत होती, डावीकडे काय, त्याच्या पायाशी काय, ऊन होतं का. माझ्या लक्षात आलं, की मला बरंच आठवतंय. चाळीस मिनिटं मी ते सगळं खरंच बघितलं होतं, आणि त्यानंही.

उठताना मी विचारलं, "हे तुझ्याकडे ठेवू?"

"ठेव," मामी म्हणाली. "आणि वेळ खोडू नकोस. असू दे तशीच."